आधी गावाला दाखवा

माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या जंगलगावांवर माहितीपट करतायत. भीमगड अभयारण्याच्या आतली ही गावं: तळेवाडी, गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव, कृष्णापूर. पावसाळ्यात नाल्यांना पाणी आलं की यांचा रस्ताच तुटतो. २०२४ च्या पावसात आमगावातल्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी खांद्यावर घेऊन चिखलातून बाहेर आणलं, ते सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं. पुढे सरकारने भरपाई देऊन या लोकांना जंगलाबाहेर वसवायचं ठरवलं आणि तळेवाडीने ते आधी मान्य केलं. हे गाव सोडणं पोरांना टिपायचंय.

त्यावरून आमच्या घरात वाद पेटलाय. भावोजींनी उभं आयुष्य महाराष्ट्र एकीकरण समितीच्या, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या संघटनेच्या, कामात घालवलं. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन आणि १ नोव्हेंबरला काळा दिन, यात त्यांचा कधी खंड पडला नाही. ते मुलाला म्हणतात, "मराठी गाव उठालंय आणि तू ते हसत उठलं म्हणून दाखवालायस. उद्या तेच पुढं करतील की रे." चौघांतला एक मुलगा कन्नड घरातला. त्याच्या घरचे म्हणतात, बेळगावचं नाव आलं की भांडण येतं, तू यात पडूच नको. दोन्ही घरांना भीती एकच, आपल्या पोराचं चित्रण दुसऱ्याच्या हातात पुरावा म्हणून जाईल.

ही भीती मला खोटी वाटत नाही. सीमाप्रश्नात महाराष्ट्राची भूमिका चार तत्त्वांवर उभी आहे: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, १९६७ ला ते तिथेच ठेवा म्हणणारा महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ ला सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल झाला. इतक्या वर्षांत ज्यांनी एकेका खेड्याचा हिशेब मांडला, त्यांना एक खेडं रिकामं होताना काय वाटत असेल? वनखात्याच्या कागदावर ते पुनर्वसन असेल. भावोजींच्या लेखी नकाशावरचं एक घर पुसलं जातंय.

पण चौथं तत्त्व लोकेच्छा आहे. जाणाऱ्याला काय वाटतं ते त्यालाच विचारायला हवं, आणि तो बोलेल ते पुरतं ऐकून घ्यायला हवं. भाच्याने मला न कापलेलं चित्रण पाठवलं, त्यात एका घरची म्हातारी आहे. छपरावर चढलेला नातू कौलं काढून खाली देतोय, म्हातारी ती पदराने पुसून टेम्पोत उभी लावतेय. मधेच नातवावर ओरडते, "हळू दे रं, फुटंल." भाचा विचारतो, आजी, जायचं मनात हाय का? ती हात न थांबवता सांगते, "सुनंला दिवस गेल्यात. पावसात कोन न्हेनार तिला? जायाला पायजेच. पर ही कौलं मी हितं सोडनार न्हाई." एका दमात दोन्ही. यातलं पहिलं वाक्य उचललं तर वनखात्याची जाहिरात होते, शेवटचं उचललं तर मोर्च्याची घोषणा. दोन्ही वेळा म्हातारीवर अन्यायच.

हे मी इतक्या ठासून का म्हणतोय, त्याला कारण आहे. मी कॅनडात, ब्रॅम्प्टनमध्ये राहतो. २०२४ च्या जानेवारीत इथल्या सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. त्यानंतर तळघरांत भाड्याने राहणाऱ्या आपल्या मुलांच्या दारात कॅमेरे आले. चिकोडीकडचा एक मुलगा आमच्या ओळखीचा. त्याच्या खोलीवर चित्रीकरण झालं तेव्हा तो बराच वेळ बोलला. बापाने जमिनीवर काढलेलं कर्ज, रात्रपाळी, काही आठवड्यांना फूड बँकेतून आणलेलं धान्य, आणि शनिवारी त्याच फूड बँकेत पोती उचलायला तो स्वतः जातो तेही. त्याला तीनदा फ्रिज उघडायला लावला. शेवटी दाखवलं काय? उघडा फ्रिज, आत दोन अंडी, आणि धान्य फुकट आणतो एवढं एक वाक्य. पोती उचलणं गेलं, कर्ज गेलं. तो तुकडा चिकोडीला पोचला तेव्हा बापाने फोन करून एवढंच विचारलं, "खायला न्हाई तर सांगितलं का न्हाईस?" त्या मुलाला कुणी दाखवायच्या आधी एकदा बसवून विचारलं असतं तर? ज्यांनी केलं ते स्थलांतरितांच्या बाजूचे होते, कळवळ्याने आले होते. म्हणूनच मला हे जास्त लागलं.

याच देशात याच्या अगदी उलट एक काम होऊन गेलंय आणि ते आपल्या पोरांना ठाऊक असावं असं मला फार वाटतं. न्यूफाउंडलंड हा कॅनडाचा पूर्वेकडचा प्रांत. तिथल्या सरकारने १९५४ पासून किनाऱ्यावरची लहान लहान मच्छीमार गावं उठवायला सुरुवात केली. कारणं ओळखीची आहेत: एवढ्याशा वस्तीला रस्ता, शाळा, दवाखाना पुरवणं परवडत नाही, तुम्ही बाहेर या, पैसे घ्या. साधारण वीस वर्षांत तीसेक हजार माणसं हलली. फोगो बेटावरही तीच पाळी येणार होती. १९६७ मध्ये नॅशनल फिल्म बोर्ड या कॅनडा सरकारच्या चित्रपटसंस्थेचे दिग्दर्शक कॉलिन लो तिथे गेले. स्थानिक विद्यापीठाचा विस्तार विभाग सोबत होता. त्यांनी एक मोठा चित्रपट न करता २७ लहान चित्रपट केले, बहुतेक एकेका माणसाभोवती किंवा एकेका प्रसंगाभोवती. एकाचं बोलणं तोडून त्यावर दुसऱ्याचं उत्तर लावायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. ज्याचं चित्रण, त्याला आधी दाखवायचं. नको म्हणाला तर ते बाहेर जाणार नाही. मग बेटावरच्या गावागावांत खेळ लावले. पंथ वेगळे म्हणून एकमेकांपासून दूर राहिलेल्या गावांना कळलं की अडचण सगळ्यांची सारखीच आहे. नंतर ते चित्रपट मंत्र्यांना दाखवले, मंत्र्यांचं उत्तर चित्रित केलं आणि ते बेटावर आणून दाखवलं. त्या काळात मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली. बेट उठलं नाही.

कॅमेऱ्याने बेट वाचवलं असं मात्र मी म्हणणार नाही. चित्रपटवाले येण्याआधीपासून तिथली सुधारणा समिती काम करत होती. शिवाय तिथे धोरण सरकारचं, त्याविरुद्ध बोलणाऱ्यांचं चित्रण करणारी संस्थाही सरकारचीच. सीमाभागात असं कोण करेल? पैसा बेंगळूरुचा असो की मुंबईचा, तो घेतला की तुम्ही कुणाचे ते ठरून जातं. पोरं पदरचे घालतायत, थोडे मी पाठवतो, तेवढ्यावर चालू आहे ते ठीक आहे. आणि १९६७ ला प्रेक्षकाच्या खिशात मोबाईल नव्हता. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ बाळेकुंद्रीला भाषेवरून कर्नाटकच्या बसवाहकाला मारहाण झाली, त्याचे तुकडे फिरले, चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या बसला काळं फासलं गेलं आणि दोन्ही राज्यांच्या बस काही दिवस बंद राहिल्या. शाळेला जाणारी पोरं, कोल्हापूरला दवाखान्यात निघालेली माणसं अडकली. तेव्हा गावात खेळ लावला की कुणीतरी अर्धा मिनिट टिपणार आणि सोडून देणार, हे धरूनच चालावं लागेल. नको असलेलं गावात खेळ लावायच्या आधीच गेलेलं बरं. घरात बसून, एकेकाला दाखवून.

भाचा म्हणतो, "मामा, सगळ्यांनी काढ काढ म्हटलं तर उरंल काय?" उरेल ते त्या लोकांनी आपखुशीने दिलेलं असेल. थोडं असेल तर थोडं. त्या म्हातारीने उद्या सुनेबद्दलचं बोलणं काढ म्हटलं तर काढावं लागेल, मग माहितीपटातला सगळ्यात चांगला प्रसंग गेला तरी चालेल. चिकोडीच्या मुलाचा फ्रिज पाहिल्यापासून यात मला तडजोड नको आहे.

भावोजींनाही मी फोनवर हेच सांगितलं. भावोजी, तुमचं बोलणं यात हवंच; पण ते सलग हवं, आणि वनखात्याच्या अधिकाऱ्याचंही सलग हवं. बातम्यांत तुमच्या दोन वाक्यांमध्ये त्याचं एक वाक्य खुपसतात तसं नको. ते काही बोलले नाहीत, पण मुलाला सोडायला जंगलाच्या वाटेवरच्या हेम्माडग्यापर्यंत गाडी त्यांनीच काढली.

पोरांनी आता क्रम ठरवावा. बाहेर पडलेल्या कुटुंबांना पहिल्यांदा दाखवायचं. त्यांची हरकत नसेल तर गवाळी, कोंगळा, आमगाव, जिथे जायचं की राहायचं याचा निर्णय अजून घरोघर चाललाय तिथे. निघालेल्यांना नव्या जागी पाणी कुठून येतं, गुरं कुठे बांधतात, गोव्याला कामाला गेलेला मुलगा सणाला कुठे उतरतो, हे निघालेल्यांच्याच तोंडून ऐकून मग ठरवता येईल. पाऊस लागायच्या आत हे व्हायला हवं, नंतर पडदा आणि बॅटरी आत नेणं जमणार नाही.

मग तेच घेऊन वनखात्याच्या कचेरीत जायचं. नव्या जागेच्या पाण्याबद्दल, कागदांबद्दल साहेबांना विचारायचं आणि उत्तर टिपायचं. साहेब कन्नडमध्ये बोलतील, बोलू देत. बाजाराला आणि कचेरीला जाऊन गावाला कन्नड समजतं. ते उत्तर न कापता परत गावात नेऊन लावायचं, म्हणजे पुढच्या वेळी साहेब आले की लोकांना त्याच्यावर बोट ठेवून विचारता येईल.