कुठल्या थडग्यात परत ठेवायचं, ते आधी सांगा

इजिप्तच्या ममींचा विषय निघाला की एक कॉमेंट हमखास येते: "बिचाऱ्या राण्यांना त्यांच्या थडग्यात परत नेऊन ठेवा, कशाला हा तमाशा!" ३ एप्रिल २०२१ ला कैरोत २२ ममींची वाजतगाजत मिरवणूक निघाली होती. १८ राजे, ४ राण्या. तेव्हा तर हे फारच वाचायला मिळालं. यामागची भावना मला कळते, मागणी मात्र पटत नाही. त्या चौघींपैकी तिघी परक्या थडग्यांत सापडल्यात, आणि चौथीच्या अंगावरचं कापडसुद्धा मूळचं नव्हतं.

तिये राणीचं बघा. आमेनहोतेप तिसऱ्याची पट्टराणी, अखेनातेनची आई, तुतनखामुनची आजी. तिचं पहिलं दफन बहुधा मुलाच्या नव्या राजधानीत, अमार्नात झालं. ते शहर ओस पडल्यावर तिला थीब्जला (आजच्या लक्झरला) आणलं असावं, कारण राजांच्या दरीतल्या केव्ही ५५ या थडग्यात १९०७ साली तिच्या देव्हाऱ्याच्या सोन्याने मढवलेल्या फळ्या सापडल्या. देव्हारा मुलानेच करवून घेतलेला, आणि त्यावरून मुलाचंच नाव खरवडून काढलेलं! खोदकामाचा खर्च करणाऱ्या थिओडोर डेव्हिसला वाटलं, राणी मिळाली. हाडं तपासली तर पुरुषाची निघाली. राणी त्याआधी नऊ वर्षं सापडून गेली होती, फक्त कुणाला पत्ता नव्हता. १८९८ मध्ये पुरातत्त्वज्ञ व्हिक्टर लोरे आमेनहोतेप दुसऱ्याच्या थडग्यात शिरला, तेव्हा बाजूच्या एका खोलीत तीन देह जमिनीवर पडलेले होते: एक मुलगा आणि दोन बायका. ना शवपेटी, ना नाव. त्यातली लांब केसांची 'थोरली बाई' म्हणजे तिये, हे डीएनएवरून पक्कं व्हायला २०१० उजाडलं. (तुतनखामुनच्या थडग्यात, तियेचं नाव लिहिलेल्या छोट्याशा पेटीत, केसांची एक बट जपून ठेवलेली होती. नातवाने आजीचे केस सोबत नेले. मला या सगळ्या सोन्यानाण्यात तीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.)

ही सगळी हलवाहलव मुख्यतः इ.स.पू. अकराव्या-दहाव्या शतकात अमुन देवाच्या पुरोहितांनी केली. कारण रास्त होतं. थडगी सर्रास फोडली जात होती. रामसेस नवव्याच्या कारकिर्दीच्या सोळाव्या वर्षी झालेल्या चौकशीचे पपायरस आजही आहेत. राजा सोबेकेमसाफ आणि त्याची राणी नुबखास यांच्या अंगावरचं सोनं काढलं आणि शवपेट्या जाळल्या, असं चोरांनी त्यात कबूल केलंय.

पण म्हणून पुरोहितांना संत ठरवायची घाई नको. बुतेहामुन हा थीब्जच्या थडग्यांचा लेखनिक. जुनं थडगं उघडा, पण मी येईपर्यंत शिक्का राखा, असा सेनापती पियांखचा हुकूम त्याच्या पत्रव्यवहारात आहे. राज्याला सोन्याची चणचण, आणि सोनं कुठे पुरलंय हे यांना चांगलंच माहीत. रात्री चोर येत, दिवसा सरकार.

मेरितामुनच्या बाबतीत हे स्वच्छ दिसतं. ही आमेनहोतेप पहिल्याची राणी. १९२९-३० च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ हर्बर्ट विनलॉकला थीब्जजवळच्या देर अल-बहारीला ती सापडली. देवदाराची भली मोठी शवपेटी, पूर्वी सोन्याच्या पत्र्याने मढवलेली. तो पत्रा काढून घेतला होता. मात्र काढून तसंच टाकलेलं नाही! लाकूड नीट करून, सोनं होतं तिथे पिवळा रंग दिला. देह नव्या कापडात पुन्हा गुंडाळला, राजवटीचं वर्ष १९ अशी नोंद केली आणि राणीचं नाव घातलं. मृत्यूनंतर चारेकशे वर्षांनी. ही लूट होती की सेवा? माझ्या मते दोन्ही, एकाच हाताने केलेली. पण तियेला 'थोरली बाई' म्हणून शंभरहून जास्त वर्षं काढावी लागली, ती निव्वळ चिठ्ठी नव्हती म्हणून. तेव्हा नाव लिहिणाऱ्याचे मी आभारच मानीन.

राण्यांच्या पेट्यांचं काय झालं, तेही बघा. देर अल-बहारीचा मोठा गुप्त साठा १८८१ मध्ये उघड झाला, तेव्हा अहोतेप राणीच्या पेटीत पिनेजेम पहिला निघाला. हाच तो पुरोहित, ज्याच्या अमलात मेरितामुनला नवं कापड मिळालं. अहमोस-नेफरतारीच्या प्रचंड पेटीत रामसेस तिसरा. आणि खुद्द अहमोस-नेफरतारी? १८८५ मध्ये संग्रहालयाच्या एमिल ब्रुग्शने तिला उलगडलं, तर म्हणे इतकी दुर्गंधी सुटली की वास जाईपर्यंत तिला संग्रहालयाच्या आवारात पुरून ठेवावं लागलं. राणीचं आणखी एक दफन, एकोणिसाव्या शतकातलं, मंत्राशिवाय.

त्यातल्या त्यात मान राखला तो गावातल्या बायकांनी. १८८१ मध्ये ममींची बोट नाईलवरून निघाली, तेव्हा काठावर केस मोकळे सोडून त्या रडत होत्या.

विद्वानांची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच साठ्यात मातकारे होती. अमुनची 'देवपत्नी', म्हणजे लग्न न करणारी. तिच्याजवळ एक छोटं गाठोडं होतं. झालं! बाळंतपणात गेली असणार, मग बाप कोण, अशी कुजबुज ग्रंथांमधून कित्येक दशकं चालली. १९६८ मध्ये क्ष-किरण काढले, तर गाठोड्यात माकड.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. तियेला अमार्नाला पाठवणार, केव्ही ५५ मध्ये की दुसऱ्या राजाच्या बाजूच्या खोलीत? 'मूळ जागा' असं आता काही उरलेलं नाही. संग्रहालयात राहू देत. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी १९८० मध्ये ममींची खोलीच बंद करायला लावली होती, तेही मला टोकाचं वाटतं. पण चेहरे उघडे कशाला? पुरोहितांनी निदान पुन्हा गुंडाळलं होतं, उघडं आपण केलं. अभ्यासाची सबब आता चालत नाही. मेरितामुनचा नवरा आमेनहोतेप पहिला आधुनिक काळात उलगडलेलाच नाही. त्याच्या अंगावरच्या फुलांच्या माळा आणि मुखवटा इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याचा प्रमुख मास्पेरो याला मोडवेनात. सीटी स्कॅनने त्याचे दात, हाडं, ताईत सगळं तपासून २०२१ मध्ये प्रसिद्धही झालं, आणि त्याच्या कापडाचा एक धागाही हलवावा लागला नाही. तो झाकलेला आहे. त्याची बायको काचेआड उघडी आहे, आणि तिला झाकायला कुणाची परवानगी लागत असेल तर ती संग्रहालयाची, फेरोची नव्हे.