आठ मार्चनंतरची भिंत

मार्च जवळ आला की आपल्याकडे ‘महिला चित्रकारांचं’ समूहप्रदर्शन लागतं आणि त्यामागोमाग वाद. चित्राला कसलं आलंय बाई-पुरुष, वेगळी पंगत कशाला, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, मुख्य पंगतीत पान मांडलं असतं तर वेगळी कोण कशाला बसली असती? लंडनमधून हे वाचताना वाटतं, दोन्ही बाजू उद्घाटनापाशीच अडकल्यात.

इथे टेट ब्रिटन या कलासंग्रहालयाने २०२४च्या मे ते ऑक्टोबरमध्ये १५२० ते १९२० या काळातल्या ब्रिटनमधल्या शंभरावर स्त्री कलाकारांचं प्रदर्शन भरवलं. उत्तम झालं. पण उसनी आणलेली चित्रं प्रदर्शन संपलं की मालकाकडे परत जातात, हे लंडनलाही चुकत नाही.

रॉयल अकॅडमी या लंडनच्या कलासंस्थेच्या १७६८च्या संस्थापकांत अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर होत्या. चित्रकार झोफानीने काढलेल्या सभासदांच्या चित्रात पुरुष नग्न मॉडेलभोवती जमलेत आणि या दोघी भिंतीवरच्या तसबिरींत. मॉडेलसमोर बसायची त्यांना मुभाच नव्हती. त्यानंतर पूर्ण सभासद म्हणून निवडून आलेली स्त्री लॉरा नाइट, थेट १९३६ साली. शरीर अभ्यासायला मिळालं नाही तर मोठी पौराणिक तैलचित्रं जमणार कशी? अनेकींच्या वाट्याला फुलं, छोटी व्यक्तिचित्रं, जलरंग आले.

आणि जलरंगाचा वैरी उजेड. संग्रहालयात कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड देतात, तैलचित्राला २००च्या आसपास. रोज आठ तास, शंभर दिवस, म्हणजे ४०,००० लक्स-तास. एवढं झालं की कागद उतरवून बराच काळ अंधारात ठेवतात. कुणाच्या मनात पक्षपात नसला तरी कायमच्या दालनात तैलचित्रं राहतात आणि कागद खणात. भाड्याच्या हॉलमध्ये ४०० लक्सचा झोत रोखलात तर तेवढाच उजेड साडेबारा दिवसांत पोचतो. कार्माइनसारखे लाल आधी उडतात, गाल पांढरे पडतात.

नावाचं तर विचारूच नका. डच चित्रकार यूडिथ लेस्टरचं काम फ्रान्स हाल्स या प्रसिद्ध चित्रकाराच्या नावावर खपत होतं. १८९३ साली तिची खरी सही ओळखली गेली: आद्याक्षरं आणि एक तारा. ‘द रोल कॉल’ (१८७४) हे चित्र एलिझाबेथ थॉम्पसनचं, लग्नानंतरची युद्धचित्रं लेडी बटलरची, बाई एकच. आपल्याकडे तर आडनावासोबत नावही बदलायची रीत. माहेरच्या नावाने पदक, सासरच्या नावाने कॅटलॉग, की सूचीत दोन अर्ध्या बायका तयार.

म्हणून प्रदर्शन उतरवताना, चित्रं खोक्यात जाण्याआधी, सहीचा आणि मागच्या बाजूचा फोटो घ्या, जुन्या चिकटवलेल्या लेबलांसकट. माप चौकट सोडून सेंटिमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी. दोन्ही नावं. चित्र कुणाकडून आलं, कुणाकडे गेलं. आणि ‘मिश्र माध्यम’ लिहून मोकळं होऊ नका. पाण्याने विरघळणारा रंग कुठला, हे पुढच्या संवर्धकाला त्यावरून कळत नाही.

पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज प्रतिष्ठानाच्या त्रिंदाद संग्रहात चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांच्यासोबत लेक अँजेलाचीही चित्रं आहेत. असा संग्रह असला की पंगतीचा वाद पुढे सरकतो. वेगळं प्रदर्शन खुशाल भरवा. मात्र समारोपाला हार घालायला येणाऱ्या विश्वस्तांना विचारा: यातलं कोणतं विकत घेताय, आणि त्यासाठी कायमच्या दालनातलं कोणतं उतरवताय?