'घरातल्या घरात मिटवा' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, अगदी शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवरही मुलांच्या लैंगिक छळाबद्दल एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: आपल्या एकत्र कुटुंबात मुलं सुरक्षितच होती, हे 'गुड टच बॅड टच'चं खूळ आलं आणि नात्यात संशय शिरला, लहान मुलं काहीही कल्पना करतात, कधी काही घडलंच तर वडीलधाऱ्यांनी घरातल्या घरात मिटवावं, पोलिसात गेलं की पोरीचं नाव खराब होतं आणि घर मोडतं, शिवाय मूल लहान असतं, विसरून जातं. खाली शिकलेसवरलेले लोक 'अगदी खरंय' म्हणून हात जोडतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतेय.

"एकत्र कुटुंबात मुलं सुरक्षित होती"

कशावरून? मुलांना कुणी विचारलं होतं का? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ च्या अभ्यासात विचारलं, १३ राज्यांत, त्यात महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते, एकूण १२,४४७ मुलांना. त्यातल्या ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. त्रास देणारे निम्मे लोक ओळखीचे, विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी हे तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, आकडे बघा, पोक्सोखालच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) बलात्काराच्या केसेसमध्ये आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर असतं. ओळखीचा म्हणजे प्रत्येक वेळी नातेवाईकच असं नाही, शेजारी असतो, मित्र असतो, पण रस्त्यावरचा अनोळखी राक्षस क्वचितच असतो.

आणि आकडे सोडा, आपल्या घरातल्या बायका काय म्हणायच्या ते आठवा. मे महिन्याच्या सुट्टीत सगळी भावंडं एकत्र, रात्री माजघरात नाहीतर गच्चीवर ओळीने अंथरुणं पडायची, कोण कुणाशेजारी झोपलं याकडे कुणाचं लक्ष नसायचं, पण एखादी आत्या किंवा काकू हळूच येऊन सांगायची, 'तू इकडे माझ्याजवळ झोप गं', 'न्हाणीघराची कडी नीट लाव', 'त्यांच्या खोलीत एकटी जाऊ नकोस'. का सांगायच्या त्या? त्यांना माहीत होतं म्हणून. घराला माहीत होतं, फक्त त्या माणसाला कुणी काही बोलत नव्हतं, सगळी सावधगिरी पोरींनी बाळगायची. आणि पोरांना तर तेवढंही कुणी सांगत नव्हतं.

"गुड टच बॅड टच शिकवून नाती नासतात"

नातं नासतं ते त्रास देणाऱ्याच्या वागण्याने, मुलाला शब्द दिल्याने नाही. उलट माझी तक्रार अशी आहे की जे शिकवलं जातं ते अपुरं आहे. वर्षातून एकदा शाळेत चार्ट दाखवायचा आणि झालं. घरातला त्रास देणारा माणूस सुरुवातीला वाईट वागतच नाही हो. तो लाड करतो, मोबाइल खेळायला देतो, आईबाबा ओरडले की मुलाची बाजू घेतो, घरातल्यांचाही विश्वास कमावतो, मग हळूहळू 'हे आपलं सिक्रेट' सुरू होतं, आणि कळेपर्यंत मुलालाच वाटायला लागतं की आपणही यात सामील आहोत, आता सांगितलं तर आपल्यालाच मार बसेल. त्यामुळे मुलाला हे सांगावं लागतं की अंगाबद्दल कुठलंही सिक्रेट ठेवायचं नसतं, मग समोर कुणीही असो, आणि तू सांगितलंस तर मी चिडणार नाही.

आता लग्नकार्यात आपण काय करतो ते बघा. चार वर्षांची पोर आईच्या साडीमागे लपते, पाहुणे म्हणतात 'मामाला पापी दे', ती मान हलवते, आणि आईच तिचा दंड धरून पुढे ढकलते, 'नाटकं करू नकोस, दे पटकन'. तो मामा शंभर टक्के चांगला असेल. पण तिने नाही म्हटलं आणि सगळी मोठी माणसं हसली, हे ती शिकली. पुढे खरंच नाही म्हणायची वेळ आली तर ती कुणाच्या भरवशावर म्हणणार?

"लहान मुलं कल्पना करतात"

करतात की. परी, भूत, हत्तीवर बसून शाळेत गेलो, सगळं करतात. पण जे कधी पाहिलं नाही, ऐकलं नाही अशा मोठ्यांच्या लैंगिक वागण्याचे तपशील पाच वर्षांचं मूल सहसा मनाने रचत नाही. मूल सांगतं तेही तुकड्यातुकड्याने. 'मला त्यांच्याकडे ट्यूशनला जायचं नाही.' 'दादा घाण खेळ खेळतो.' मग आपण अंगावर ओरडलो, आई रडायला लागली, आजीने शपथ घातली, की दुसऱ्या दिवशी तेच मूल म्हणतं 'काही नाही, मी खोटं बोलले'. आणि घर सुटकेचा श्वास सोडतं. मुलाने शब्द मागे घेतले म्हणजे घडलं नव्हतं असं होत नाही, बऱ्याचदा ते आईला रडताना बघवत नाही म्हणून मागे घेतं.

घटस्फोटाच्या, इस्टेटीच्या भांडणात खोट्या तक्रारी होतात हेही लोक म्हणतात. होत असतील, त्यासाठी पोक्सोतच कलम २२ आहे, मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे, मुलाला मात्र नाही. खरंखोटं ठरवायचं काम तपासाचं आणि कोर्टाचं, दिवाणखान्यात बसलेल्या काकांचं नाही.

"घरातल्या घरात मिटवा"

या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. मिटवतात म्हणजे नक्की काय करतात? चार मोठी माणसं दार लावून बसतात, ज्याने केलं तो रडतो, देवासमोर हात ठेवून 'पुन्हा होणार नाही' म्हणतो, मुलाला ओरडून सांगतात की तोंडातून ब्र काढायचा नाही, आणि पुढच्या गणपतीला तोच माणूस आरतीला पुढे उभा आणि मुलाला सांगतात 'पाया पड'. मोठ्यांचं मिटतं. मुलाचं काहीच मिटत नाही, आणि त्या माणसाला कळतं की या घरात आपल्याला कुणी बाहेर काढत नाही. मग पुढची भाची, पुढचा पुतण्या.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा लोक रुळावर उतरले, लोकल थांबल्या, फाशीच्या घोषणा झाल्या. तो राग रास्त होता. पण आरोपी बाहेरचा असला की फाशी आणि घरचा असला की समजूत, हे कसं?

शिवाय मिटवणं हा कायद्याने तुमच्या हातातला विषय नाहीच. पोक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच, नाही कळवलं तर कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि आरोपी नातेवाईक किंवा त्याच घरात राहणारा असेल तर कायदा गुन्हा जास्त गंभीर धरतो, कमी नाही.

"पोलिसात गेलं की नाव खराब, घर मोडतं"

नावाचं आधी. मुलाची ओळख उघड करायला मीडियाला मनाई आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला सब-इन्स्पेक्टरने, युनिफॉर्म न घालता, मुलाच्या विश्वासाचं माणूस सोबत ठेवून. रात्री पोलीस स्टेशनात ठेवायचं नाही. कोर्टात सुनावणी बंद दाराआड, साक्ष देताना आरोपी नजरेसमोर येऊ द्यायचा नाही. हे सगळीकडे नीट पाळलं जातं असं मी म्हणणार नाही, एका वर्षात शक्यतो खटला संपवा असं कायदा म्हणतो आणि केसेस त्याच्या पुढे रखडतात हे खरंच आहे. पण म्हणून मागायचंच नाही का? सपोर्ट पर्सन, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलाला साथ देणारं माणूस, मागा, तो मुलाचा हक्क आहे.

घराचा प्रश्न मात्र खरा आहे. कमावणारा बापच आरोपी असेल तर त्या आईने काय खायचं? तिला 'हिंमत धर' म्हणून भागत नाही. विशेष कोर्ट अंतरिम भरपाई देऊ शकतं, महाराष्ट्रात २०१३ पासून अशा पीडितांना आर्थिक मदत देणारी मनोधैर्य योजना आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे फुकट वकील मिळतो. पैसे वेळेवर हातात पडतातच असं नाही, तेव्हा माहेरच्यांनी दोन महिने भाडं भरणं, शेजारणीने पोरांना जेवू घालणं याला फार किंमत आहे. ग्रुपवर हात जोडणाऱ्यांनी ते करावं.

"मूल विसरून जातं"

नाही जात. बोलायचं बंद होतं, त्याला आपण विसरणं म्हणतो. अचानक अंथरूण ओलं करणं, अभ्यास कोसळणं, एका विशिष्ट माणसाकडे जायला नकार, अंगावर कुणी हात ठेवला की दचकणं. (यातलं काही दिसलं म्हणजे हेच कारण असं नाही, पण शांतपणे विचारा तरी.) आणि हे मुलींचंच असतं असं समजू नका, त्या २००७ च्या अभ्यासात त्रास झाल्याचं सांगणाऱ्यांत निम्म्याहून किंचित जास्त मुलगे होते.

मुलाने सांगितलं तर त्याला आधी म्हणा, 'बरं केलंस सांगितलंस, तुझी काही चूक नाही'. दहा जणांसमोर दहादा वदवून घेऊ नका. त्या माणसाला जाब विचारायला धावण्याआधी मूल त्याच्यापासून लांब न्या. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, तो चोवीस तास चालू असतो आणि फुकट आहे.

आणि आता तिशी-चाळिशीत असलेल्यांना 'इतक्या वर्षांनी कशाला उकरतेस' म्हणणाऱ्यांसाठी: तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना तक्रारीची मुदत नसते. तक्रार करायची की नाही हे त्या व्यक्तीने ठरवावं, तिला ढकलू नका आणि अडवूही नका. पण तो माणूस आजही ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे सुट्टीला जात असेल, तर त्या मुलांच्या आईबापांना हे आजच कळायला हवं.