थांबवलं कशासाठी, ते लिहून द्या

‘काही लपवायचं नाही ना, मग झडतीला भ्यायचं कशाला?’ पुण्या-मुंबईच्या नाकाबंदीचा विषय निघाला की घरच्यांशी फोनवर बोलताना हे वाक्य हमखास ऐकू येतं. २०२१ मध्ये हैदराबादचे पोलीस रस्त्यात पोरांना अडवून त्यांच्या मोबाइलमधल्या गप्पांत ‘गांजा’ शोधत असल्याचा व्हिडिओ फिरला होता, तेव्हाही आमच्याकडे बहुतेकांचं हेच म्हणणं होतं. मी न्यूयॉर्कमध्ये राहते. या शहराचा पोलीस कारभार कित्येक वर्षं याच वाक्याच्या आधाराने चालला आणि त्याचा हिशेब पुढे कोर्टात मांडला गेला.

जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात पोलिसांनी लोकांना रस्त्यात थांबवल्याच्या ४४ लाख नोंदी झाल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा अंग चाचपलं गेलं, आणि चाचपल्यावर शस्त्र सापडलं ते शंभरात जेमतेम दीड वेळा. शंभरातल्या ८८ वेळा ना अटक झाली, ना समन्स निघालं. थांबवलेल्यांत ८३ टक्के लोक काळे किंवा लॅटिनो होते. शहराच्या वस्तीत मात्र ते निम्म्याच्या आसपास. म्हणजे ‘लपवायचं काही नाही’ अशाच लोकांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं जात होतं. माझ्यासारखीला कुणी अडवत नव्हतं, त्यामुळे मला ते दिसतही नव्हतं.

कायदा तेव्हाही होताच. अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीने अवाजवी झडतीला मनाई केली आहे. १९६८ मध्ये टेरी विरुद्ध ओहायो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना थोडी मोकळीक दिली. क्लीव्हलँडमध्ये एका डिटेक्टिव्हने दोघा जणांना एकाच दुकानाच्या काचेतून पुनःपुन्हा डोकावताना पाहिलं आणि त्यांना हटकून झडती घेतली. पिस्तुलं सापडली. न्यायालयाने ती झडती वैध मानली, पण अटी घातल्या. थांबवायचं तर गुन्ह्याचा संशय हवा, आणि तो कशावरून आला ते अधिकाऱ्याला नेमकं सांगता आलं पाहिजे. अंग चाचपायचं तर त्या माणसाजवळ शस्त्र असेल असं वाटायला वेगळं कारण हवं. नुसतं ‘मनाला वाटलं’ चालणार नाही.

या अटी असूनही २०११ या एकाच वर्षात ६ लाख ८५ हजार वेळा लोकांना थांबवलं गेलं. कायदा पुस्तकात असण्याने भागत नाही, हे मला इथेच कळलं. अखेर खटला उभा राहिला तो पोलिसांच्याच कागदांवर. दर वेळी एक फॉर्म भरावा लागे, त्यात कारणांच्या चौकटी असत आणि बहुतेक खुणा ‘संशयास्पद हालचाल’, ‘जास्त गुन्ह्यांचा परिसर’ अशा मोघम चौकटींवर असत. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी फ्लॉइड विरुद्ध न्यूयॉर्क शहर खटल्यात ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. हा फॉर्मच नसता, तर त्या लाखो लोकांचं म्हणणं त्यांच्या घरातच राहिलं असतं.

आता गुन्हेगार मोकाट सुटतील, असं तेव्हाचे महापौर ब्लूमबर्ग आणि पोलीस बजावत होते. २०१७ मध्ये थांबवण्याच्या नोंदी १२ हजारांच्याही आत आल्या. त्या वर्षी २९२ खून झाले. २०११ मध्ये ५१५ झाले होते. खून कमी होण्याची कारणं अनेक असतील, पण झडत्या घटल्या म्हणून शहर बुडालं नाही. ब्लूमबर्ग यांनी २०१९ मध्ये जाहीर माफी मागितली. सगळं सुरळीत झालंय असंही नाही. कोर्टाने नेमलेल्या निरीक्षकाने २०२३ मध्ये विशेष पथकांच्या बेकायदा झडत्यांवर पुन्हा बोट ठेवलं.

सरसकट तपासणीला माझा विरोध नाही. इथल्या सबवेच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्टेशनात कधी कधी पोलीस घडीचं टेबल मांडून बॅगा तपासतात. कितव्या माणसाला थांबवायचं ते आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे चेहरा बघून निवड होत नाही. बॅग दाखवायची नसेल तर मागे फिरता येतं. तिथून गाडी पकडता येत नाही, एवढंच. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी नाकाबंदी करा, प्रत्येकाला फुंकायला लावा. पण शंभर दुचाकींतून एकच पोरगा बाजूला घेऊन त्याचा मोबाइल उघडायला लावायचा, ही वेगळी गोष्ट आहे.

हा एकच पोरगा कोण असतो, हे महाराष्ट्राला चांगलं ठाऊक आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वस्ती केली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी आजही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते.

डॉ. आंबेडकरांनी १९४७ मध्ये घटनेसाठी जो मसुदा मांडला होता, त्यात अवाजवी झडतीपासून संरक्षणाचं कलम होतं. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती सुचवली. ही तरतूद विधिमंडळाच्या हाताबाहेर, घटनेतच असावी, असं बाबासाहेबांचंही मत पडलं. दुरुस्ती फेटाळली गेली. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या घटनेत असं कलम नाही याकडेच बोट दाखवलं, आणि १९७३ मध्ये बेकायदा झडतीत मिळालेला पुरावाही चालेल असं ठरवलं. २०१७ च्या निकालाने खासगीपण मूलभूत हक्क झाला खरा, पण हवालदाराच्या हातापर्यंत तो अजून पोचलेला नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ जागेच्या झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं करतं. रस्त्यात खिसे चाचपून काहीच सापडलं नाही, तर त्याचं काय?

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्याला थांबवलं त्याच्या हातात तिथल्या तिथे पावती द्या: वेळ, ठिकाण, अधिकाऱ्याचं नाव, थांबवण्याचं नेमकं कारण आणि काय सापडलं ते. काही सापडलं नाही तर तसंही लिहा. आणि दर वर्षी त्या पावत्यांची बेरीज ठाणेवार जाहीर करा.