दहाचा पाना कुणाकडे आहे?

रोइंगचे फोटो पाहून जी माणसं आमच्या क्लबात येतात, त्यांची मला दया येते. फोटोत पहाट असते, शांत पाणी असतं, आठ वल्ही एकदम उचललेली असतात. फडकं मात्र कुठल्याच फोटोत नसतं. बादली नसते, साबण नसतो, आणि ‘दहाचा पाना कुणाकडे आहे बे?’ ही आमच्या शेडमध्ये घुमणारी आरोळी तर फोटोत यायचीच नाही.

तलावाचं नाव सांगत नाही. नागपुरात तलावांना तोटा नाही. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, गोरेवाडा, ज्याला जो जवळ पडेल तो त्यानं धरावा. क्लबातल्या गोष्टी बाहेर लिहू नयेत असाही एक नियम आहे, पण तो नियमावलीच्या मागच्या पानावर आहे आणि मागचं पान कुणी वाचत नाही.

मेंबर व्हायचं तर आधी अंगातल्या कपड्यांनिशी पोहून दाखवावं लागतं. इतवारीतले एक शेटजी यावर फारच बिघडले. ‘पोहता येत असतं तं बोटीचे पैसे कायले भरले असते?’ आमचे इन्चार्ज काका शांत माणूस. म्हणाले, ‘शेटजी, बोट उलटली तं काठाकडे पोहत सुटायचं नसते. बोटीलेच धरून राहायचं. ती बुडत नाही, माणूस बुडते. धरून राहणं जमते ना?’ शेटजी म्हणाले, ‘ते जमते. तीस वर्षं दुकान धरूनच बसलो आहे.’ पोहण्याची परीक्षा त्यांना तरीही द्यावी लागली.

हे काका रेल्वेतून निवृत्त झालेले. उभी हयात अजनीच्या लोको शेडमध्ये गेली. सव्वाशे टनांच्या आसपासची इंजिनं ज्यांनी हातोड्यानं ठोकून तपासली, त्यांच्या हाती म्हातारपणी आली चौदा किलोची सिंगल स्कल, म्हणजे एकट्यानं वल्हवायची बोट. लांबी आठ मीटरच्या वर, रुंदी माणूस कसाबसा मावेल इतकी आणि कार्बन फायबरची कातडी इतकी पातळ, की चुकीच्या जागी पाय पडला तर तो थेट पाण्यात निघतो. बोटीत चढताना पाय ठेवायची जागा एकच, सीटच्या पुढची ती वीतभर पट्टी. दोन्ही वल्ह्यांच्या मुठी एका हातात धरायच्या, दुसऱ्या हातानं बोट, पाय पट्टीवर, आणि मग बसायचं. मुठी सुटल्या तर बोट तिथल्या तिथे कलंडते. काका हे सगळं इतक्या हळू आवाजात सांगतात, जणू बोट झोपली आहे.

आता आपला नागपुरी स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे कुठल्याही गोष्टीचं उत्तर ‘होते ना भाऊ’ हे असतं. कूलरचा पंप बिघडला, होते ना भाऊ. वऱ्हाडी पन्नास वाढले, होते ना भाऊ. सगळ्या जगाचं यावर भागतं, बोटीचं भागत नाही. तिला प्रत्येक नट आठवणीनं आवळलेला लागतो, प्रत्येक बूच वेळेवर लावलेलं लागतं. आमच्या क्लबात सगळा झगडा आहे तो एवढाच.

तो पाहायचा असेल तर ‘एट’ शेडबाहेर काढतात तेव्हा यावं. आठ जणांची बोट ती, जवळपास साडेसतरा मीटर, म्हणजे शहरबसहून लांब. वजन नियमाप्रमाणे किमान ९६ किलो. रॅकवर ती पालथी झोपलेली. नियम असा, की बोट उचलताना फक्त कॉक्सनं, म्हणजे सुकाणू धरून हुकूम सोडणाऱ्यानं, बोलायचं. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवून ऐकायचं. कॉक्स म्हणतो, ‘हँड्स ऑन.’ सगळे हात लावतात. इथवर ठीक. मग बोट खांद्यावर येते, पुढचा माणूस दारातून वळतो, आणि मागचं टोक भिंतीकडे सरकायला लागतं. त्यासरशी आठही जण कॉक्स होतात. ‘उजवीकडे घे ना बे!’ ‘कोणाची उजवी?’ ‘थांबा ना बाप्पा!’ ‘कोण थांबून राहिला?’ ‘रिगर! रिगर पाहा!’ रॅकवरच्या शेजारच्या बोटीला रिगरची, म्हणजे वल्हं पेलायला बोटीबाहेर काढलेल्या दांड्यांची, धातूची कोपरं घासायला दोन बोटांचं अंतर उरलेलं असतं. नेमकी दारासमोर कुणाची तरी ॲक्टिव्हा. तिचा मालक बोटीखालीच, खांदा दिलेला, त्यामुळे किल्ली त्याच्या खिशात आणि खिशापर्यंत हात कुणाचाच जात नाही. चौकीदार बिडी विझवून येतो आणि नवव्या कॉक्सची जागा घेतो.

खरं तर कॉक्सचं वजन स्पर्धेत किमान ५५ किलो असावं लागतं. कमी भरलं तर बोटीत तेवढं वजन ठेवतात. सावजी खाणाऱ्या या शहरात तशी वेळ अजून कुणावर आलेली नाही.

पाण्यावरचे नियम त्या मानानं सोपे. रोवर पाठमोरा बसतो, जायचं तिकडे त्याची पाठ असते, म्हणून दर थोड्या वल्ह्यांनी मान वळवून पाहायचं आणि आपली बाजू सोडायची नाही. वर्धा रोडवर जो माणूस पुढे तोंड करून, उघड्या डोळ्यांनी, राँग साइडनं येतो, तोच इथे पाठमोरा बसून नाकासमोर जातो. विजेचा कडकडाट ऐकू आला की काठावर यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्याकडे फिरकायचं नाही, हाही नियम सगळे मनापासून पाळतात. कारण त्या अर्ध्या तासात भजी येतात.

खरी कसोटी बोट पाण्याबाहेर आल्यावर. हात थरथरत असतात, ढुंगणाखाली सीटचे वळ उठलेले असतात, आणि काका दोन फडकी घेऊन उभे. एक बोटीच्या पोटाला, एक स्लाइडला. सीटची चाकं ज्या दोन रुळांवरून मागंपुढं धावतात त्या स्लाइड. त्यांत घाम, धूळ आणि झिजलेलं रबर मिळून काजळासारखी काळी घट्ट रेघ जमते. ती रोज पुसली नाही तर सीट अडखळते, आणि त्याच फडक्यानं पोट पुसलं तर पांढऱ्या बोटीवर काळे पट्टे उमटतात. आधी स्वच्छ पाण्यानं धुवायचं, कारण तलावातलं शेवाळ आणि जलपर्णीची मुळं वाळली की नखानं खरवडावी लागतात, आणि नख लावायची परवानगी नाही.

मग बुचं. बोटीच्या पोटात हवेचे बंद कप्पे असतात, त्यांच्यावर ती तरंगते. पाण्यात जाताना त्यांची बुचं घट्ट लावलेली हवीत, नाही तर बोट भरली की आत पाणी शिरतं. बाहेर आल्यावर उघडायची, म्हणजे आतली ओल सुकते. आणि आपल्या उन्हाळ्यात तर उघडायचीच! नवतपात पारा पंचेचाळीसच्या वर असताना बंद बुचांची बोट उन्हात राहिली तर आतली हवा फुगून सांधे उसवायला बघते. ‘म्हणजे नक्की लावायची की उघडायची?’ असं एका मेंबरानं विचारलं. ‘पाण्यात लावायची, जमिनीवर उघडायची,’ काका म्हणाले. ‘तोंडाचं उलटं. ते पाण्यात बंद ठेवा अन् जमिनीवरही बंद ठेवा.’

माझी बायको एकदा मला घ्यायला आली आणि मी गुडघ्यावर बसून स्लाइड पुसत होतो. ती काही बोलली नाही, हे चिन्ह चांगलं नव्हतं. घरी आल्यावर म्हणाली, ‘हॉलमधल्या पंख्याला कार्बन फायबरची पाती लावून घेऊ का? मग तरी पुसून द्याल?’ आता तिचं आणि काकांचं चांगलं जमतं. जुन्या सुती बनियनी ती थेट त्यांच्याकडे पाठवते. त्यातल्या काही जुन्या झालेल्या नसतात.

बुटांची कथा वेगळी. बूट बोटीतच ठोकलेले असतात, सगळ्यांना मिळून एकच जोडी, त्यामुळे सहा नंबरवालाही दहा नंबरात पाय घालतो आणि वासाबद्दल मी लिहीत नाही. टाचेखाली मात्र एक दोरी असते. बोट उलटली की ती टाच फार वर जाऊ देत नाही आणि पाय आपोआप बुटातून सुटतो. माणूस पाय अडकून उलटा लटकू नये म्हणून ती बितभर दोरी. निघण्याआधी ओढून बघायची, असा नियम. गेल्या वर्षी एका बोटीच्या दोन्ही दोऱ्या गायब. शोध घेतल्यावर त्या कुणाच्या तरी गणपतीच्या मखराला सापडल्या. काका इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. बाकी गोष्टींवर ते टोमणे मारतात, त्या दिवशी नुसते गप्प बसून नव्या दोऱ्या बांधत होते. इथे मी पूर्ण काकांच्या बाजूचा आहे.

आता दहाचा पाना. रिगर बोटीला ज्या नटांनी बसवतात त्यांना हाच पाना लागतो, आणि जगातल्या सगळ्या पान्यांत हाच हरवतो. बाराचा कधी हरवत नाही. क्लबानं आणला, हरवला. पुन्हा आणला, लाल रंग देऊन, तोही गेला. मग कार्यकारिणीनं डोकं लढवून तो साखळीनं भिंतीला बांधला. पाना सुरक्षित राहिला, फक्त बोटीपर्यंत पोचेना. बोट भिंतीजवळ न्यायची तर रिगर काढावे लागत, आणि रिगर काढायला पाना लागे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरात मारबत निघाली, तेव्हा आमची पोरं घसा फोडून ओरडली, ‘पाना चोरणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!’ आमचे खजिनदार तेवढे त्या ओरडण्यात सामील नव्हते. मी काही सुचवत नाही.

खंडेनवमीला अवजारांची पूजा, म्हणजे बोटींचीही. हळदकुंकू फक्त वल्ह्यांच्या दांड्याला, झेंडूचा हार रॅकला, असं काकांनी आधीच बजावून ठेवलेलं. पण पाहुणे ऐनवेळी उत्साहात आले. नव्या बोटीच्या टोकावर नारळ फोडतो म्हणाले आणि कुणी हात धरायच्या आत हाणलासुद्धा. टोकाला पांढरा रबरी चेंडू असतो. इतकी अणकुचीदार बोट समोरच्याच्या पाठीत घुसू नये म्हणून तो बसवलेला असतो आणि त्याच्याशिवाय स्पर्धेत उतरू देत नाहीत. नारळ त्यावर बसला, उसळला आणि टुणकन पाण्यात. चेंडूचं काम त्या दिवशी सगळ्यांना कळलं. काकांनी वहीत ‘नुकसान’ या रकान्यात लिहिलं: ‘नारळ.’

ही वही मी फुरसतीत वाचतो. कोण गेला, कधी आला, बोटीला काय झालं, सगळं लिहायचं असतं. सांगितलं तर दंड नाही, लपवलं तर आहे. तरी मराठी माणूस नुकसान सरळ लिहील तर शपथ. ‘किंचित टेकली.’ ‘काठ जवळ आला.’ ‘फिन आधीपासून नव्हती असे वाटते.’ फिन म्हणजे बोटीच्या पोटाखालचं छोटं पातं, तिला सरळ ठेवणारं, आणि दगडाला पहिलं भेटणारं. शेटजींची नोंद सर्वांत प्रामाणिक: ‘वल्हे पाण्यात अडकले. मी पण.’

काकांचं ठेवणीतलं अस्त्र म्हणजे दत्तू भोकनळ. ‘चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही. तिथं प्यायच्या पाण्याचे वांधे. तो पोरगा फौजेत गेला, वल्हं धरलं, २०१६ ले रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कल्सले तेरावा आला, २०१८ च्या एशियाडमध्ये चौघांच्या बोटीत सोनं घेऊन आला. अन् तुम्ही? घराजवळ तलाव असून फडकं पिळून राहिले नाहीत धड!’ यावर कुणाजवळ उत्तर नसतं. आम्ही फडकं पिळतो.

गेल्या वार्षिक सभेत मुख्य विषय होता तर्री पोहे. सकाळचा सराव संपला की शेडमध्येच प्लेटा यायच्या, आणि तर्रीचं लाल तेल वल्ह्यांच्या रबरी मुठींना लागून हात सटकायचे. एकाची मूठ भर पाण्यात सुटली, वल्हं उलट फिरून पोटात बसलं, तेव्हा काकांनी ठराव आणला. दीड तास चर्चा झाली. पोहे क्लबाची परंपरा आहे, मुठी साबणानं धुता येतात, चमच्यानं खाल्ले तर काय हरकत, असे मुद्दे निघाले. शेवटी ठरलं: पोहे शेडबाहेर झाडाखाली, तर्री वेगळ्या डब्यात, आणि साबणानं हात धुतल्याशिवाय वल्ह्याला शिवायचं नाही. ठराव जवळजवळ एकमतानं पास झाला. विरोधात एकच हात वर होता, पोहेवाल्याचा, आणि तो मेंबर नाही हे मतमोजणी झाल्यावर लक्षात आलं.