ठमी आला हो!

गेल्या जुलैत लेक क्लासहून भिजत आली आणि तिच्या रेनकोटाच्या खिशातून 'म्यांव' ऐकू आलं. मी म्हणालो, "नाही." बायको म्हणाली, "आधी बघ तरी." आई म्हणाली, "दूध कोमट करते." ठराव तीन विरुद्ध एक मतांनी मंजूर. बंड्याला कुणी विचारलंच नाही.

बंड्या आमचा चार वर्षांचा गावठी कुत्रा. वजन २२ किलो. एकदा पार्किंगमध्ये तो एका मांजरामागे धावला. पट्टा माझ्या मनगटाला गुंडाळलेला असल्यामुळे मीही धावलो. माझी उजव्या पायाची चप्पल अजून सापडलेली नाही.

पिल्लाचं नाव ठेवलं ठमी. आठवड्याने जनावरांच्या डॉक्टरांनी शेपटी उचलून पाहिली आणि "बोका आहे हो" असं जाहीर केलं. लेक नाव बदलायला तयार नाही. तेव्हापासून आई "ठमी आला हो!" म्हणते आणि पाहुणे तिच्या वयाकडे बघून समजुतीने मान हलवतात.

डॉक्टर म्हणाले, "निदान पंधरा दिवस दोघांची गाठ घालू नका. आधी वास, मग आवाज, मग दर्शन." आमच्या आजोबांचं लग्न साधारण असंच ठरलं होतं, वास वगळून.

ठमीला आतली खोली दिली. घरातला एकमेव कमोड त्याच खोलीत आणि आईचे गुडघे हे असे. रात्री दोनला तिची हाक यायची, "अरे, धर त्याला!" मी झोपेत आधी उशी धरायचो, मग बायकोचा हात आणि तिसऱ्या खेपेला बंड्या. तोवर आई दाराशी पोचलेली असे, आणि फटीतून ठमी बाहेर यायच्या तयारीत.

वासासाठी फडकी होती. ठमीला पुसलेलं बंड्याच्या अंथरुणात, बंड्याला पुसलेलं ठमीच्या टोपलीत. तिसऱ्या दिवशी घाईत मी त्यातल्याच एकाने तोंड पुसलं. बंड्याने मला कानापासून हनुवटीपर्यंत हुंगलं आणि दिवसभर माझ्याकडे पाठ करून बसला.

मग जेवणं. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोन वाट्या, आणि रोज त्या वीतभर जवळ सरकवायच्या. समोरच्याचा वास आला की पोट भरतं, हे दोघांच्या डोक्यात बसावं म्हणून. नवव्या दिवशी दाराखालच्या फटीतून एक राखाडी पंजा बाहेर आला. नखं तांदळाच्या कणीएवढी. बंड्याने खाणं थांबवून फटीला नाक लावलं. पंजाने त्या नाकावर टप् केलं. २२ किलो मागे सरकले आणि माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी आता पंचनामा करणार आहे.

प्रत्यक्ष भेटीत घोळ झाला शेपटीचा. बंड्या शेपटी हलवतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा मैत्री करायची असते. मांजर शेपटी आपटतं तेव्हा 'एक पाऊल पुढे ये, मग बघ' असं असतं. बंड्याने पुढचे पाय पसरून ढुंगण वर केलं, म्हणजे कुत्र्याच्या भाषेत 'चल, खेळू'. ठमीला तो झडप घालायचा पवित्रा वाटला. तो फिस्कारला, पडद्यावरून थेट फ्रिजवर. ती जागा आता त्याचीच आहे. डॉक्टर म्हणालेच होते, मांजराला कुत्र्याचं तोंड पोचणार नाही अशी उंच जागा हवी. आईचं इडलीपात्र तेव्हापासून माझ्या कपाटात असतं.

वेगळ्या खाण्याचा खर्च बघून मी एकदा सुचवलं, दोघांना एकच आणू या. लेकीने मला असं काही सुनावलं की बास. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं आणि कुत्र्याच्या खाण्यात ते पुरेसं असेलच असं नाही. नाही मिळालं तर डोळे आणि हृदय, दोन्ही जातात. बंड्याच्या गोचिडांच्या औषधाची बाटलीही तिने कुलपात टाकलीय. त्यातलं परमेथ्रिन मांजराला विष. बंड्याला मात्र असली पथ्यं मान्य नाहीत. ठमीचं खाणं त्याला मिठाईसारखं लागतं.

डिसेंबरातल्या एका दुपारी घर अगदी शांत होतं. मी स्वयंपाकघरात डोकावलो. ओट्यावर ताटात हळद-मीठ लावलेले चार बांगडे. ठमी एका पंजाने एक बांगडा कडेपर्यंत ढकलत होता. थांबायचा, खाली बघायचा, पुन्हा ढकलायचा. खाली बंड्या मांडी घातल्यासारखा बसलेला. 'बस' ही आज्ञा त्याने जन्मात पाळली नव्हती. शिंकं तुटलं नि बोक्याचं फावलं म्हणतात. आमच्याकडे शिंकं बोका तोडतो आणि फावतं कुत्र्याचं.

"ए!" मी ओरडलो.

दोघांनी वळून पाहिलं. बंड्याची शेपटी हलली. मग ठमीचीही हलली. दोन्हींचा अर्थ मला आता कळतो, म्हणून मी दार हळूच लोटून घेतलं.