सी-276 ला 850 डिग्रीवर स्ट्रेस रिलीव्ह? नको!

स्ट्रेस रिलीव्ह म्हणजे जॉब तापवून धातूतला अंतर्गत ताण काढणं. त्यासाठी फॅब्रिकेशनवाल्यांत एक सल्ला सर्रास फिरतो: "निकेल अलॉय हजार डिग्री झेलतो, कार्बन तर नावालाच. हॅस्टेलॉय सी-276 चं डिश एंड (टाकीचं बशीसारखं टोक) 850 ला दोन तास ठेवा, हार्डनेस बघा, बरोबर आला की पास करा." ॲसिडच्या रिॲक्टरसाठी हा सल्ला घातक आहे.

हजार डिग्री झेलतो हे खरं, पण ते हवेतल्या ऑक्सिडेशनपुरतं. भट्टीतून निघालेला तुकडा धडधाकटच दिसतो. मात्र 650 ते 1090 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात ग्रेनच्या (धातूतल्या सूक्ष्म स्फटिक-कणांच्या) सीमांवर म्यू फेज (धातूंचंच वेगळ्या रचनेचं संयुग) आणि एम6सी कार्बाइड (धातू-कार्बनचं संयुग) तयार होतात, आणि 850 या पट्ट्याच्या ऐन मध्यात येतं. दोन्हींत मॉलिब्डेनम आणि टंगस्टन ठासून भरलेलं असतं, आणि ते येतं शेजारच्या धातूतून. सीमेलगतची ती कंगाल पट्टी गरम हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये आधी विरघळते. मग अख्खे ग्रेन सुटून गळतात.

कार्बनचा मुद्दा 316एल या कमी कार्बनच्या स्टेनलेस स्टीलवरून उचललेला आहे. सी-276 मध्ये कार्बन कमाल 0.010 टक्के आणि सिलिकॉन कमाल 0.08 टक्के ठेवलं, त्यामुळे वेल्डिंगची काही मिनिटांची उष्णता निभावते. बहुतेक कामांत वेल्डनंतर हीट ट्रीटमेंट लागत नाही ती याचमुळे. पण म्यू फेजला कार्बन लागतच नाही. 15 ते 17 टक्के मॉलिब्डेनम पुरे होतं. भट्टीतले दोन तास म्हणजे वेल्ड नव्हे.

हार्डनेसवर विसंबणं सर्वांत वाईट. सीमांवरचा पातळ थर हार्डनेसच्या आकड्यात जवळपास उमटत नाही. खरी चाचणी म्हणजे गंज तपासणारी प्रमाणित पद्धत, एएसटीएम जी28, पद्धत ए: 400 मिलि पाण्यात 236 मिलि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड सावकाश ओता (उलट कधीच नाही), 25 ग्रॅम फेरिक सल्फेट घाला, रिफ्लक्स कंडेन्सर (वाफ थंड करून परत भांड्यात सोडणारी नळी) लावून नमुना 24 तास उकळा. 20 चौरस सेंमी पृष्ठभागाच्या नमुन्याचं वजन 0.3 ग्रॅम घटलं तर गंजण्याचा दर वर्षाला सुमारे 6 मिमी. नीट ॲनील केलेल्या (उच्च तापमानाला तापवून झटकन थंड केलेल्या) मालाचा आकडा साधारण एवढाच येतो. त्याच्या कितीतरी पट आला तर माल सेन्सिटाइझ झालाय, म्हणजे ग्रेनच्या सीमांवर गंजायला हळवा झालाय. नमुना भट्टीत त्याच जॉबबरोबर फिरलेला हवा, नाहीतर चाचणी वाया.

बिघडलेला माल नुसत्या पिकलिंगने (ॲसिडने पृष्ठभाग साफ करून) सुधारत नाही. आधी ग्रीस, मार्करची शाई, खडू पूर्ण काढा, कारण त्यातलं गंधक तापल्यावर निकेलमध्ये शिरून तडे पाडतं. मग 1121 अंशांवर सोल्यूशन ॲनील, म्हणजे सीमांवरचे ते थर पुन्हा धातूत विरघळवणं. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) जॉबला चिकटलेलं हवं, भट्टीच्या हवेचं तापमान चालणार नाही. लगेच पाण्यात बुडवा. क्रेन अडकली आणि जॉब हवेत लटकत राहिला तर तो त्याच धोक्याच्या पट्ट्यातून संथपणे उतरतो, आणि केलेलं सगळं पुन्हा करावं लागतं.

याउलट "एजिंग (मधल्या तापमानाला तासन् तास ठेवणं) म्हणजे गंज" हेही सरसकट खरं नाही. अणुभट्टीच्या स्टीम जनरेटरमधल्या अलॉय 690 या दुसऱ्या निकेल अलॉयच्या नळ्यांना 700 अंशांच्या आसपास मुद्दाम तासन् तास ठेवतात. तिथे कार्बाइड सीमांवर बसतात आणि क्रोमियमला सीमेलगत परतायला वेळ मिळतो, म्हणून स्ट्रेस कोरोजनचा (ताण आणि गंज मिळून तडे जाण्याचा) प्रतिकार वाढतो. अलॉय 718 या आणखी एका निकेल अलॉयला तर ताकदीसाठी एजिंग हवंच. पण तेल-वायू विहिरींसाठी ते 774 ते 802 अंशांवर 6 ते 8 तास, एकाच टप्प्यात. विमानवाल्यांचं आधी 718 अंश, मग 621 अंश असं दोन टप्प्यांचं चक्र तिथे उचलून लावायचं नाही.